तीन पिशव्या आणि एक हंगाम

२०२३ च्या खरिपात माझ्या वडिलांचं, अण्णांचं, सोयाबीन उगवलं नाही. औसा तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे. त्या वर्षी मृग कोरडा गेला, जून संपता संपता पाऊस आला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी तीन एकरांवर पेरणी उरकली. तीस किलोच्या तीन पिशव्या लागल्या, ३,४०० रुपयांना एक. ओल चांगली असली की सोयाबीन पाच-सात दिवसांत वर येतं. आमच्या रानात तासंच्या तासं मोकळी होती. बांधापलीकडे चुलत्यांनी त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने दुसऱ्या कंपनीचं बियाणं पेरलं होतं, त्यांचं रान हिरवं झालं होतं. अण्णांनी माती उकरून पाहिली तर दाणे फुगून मऊ पडलेले, कोंब नाही. भावाने मला फोन केला. मी लातूरला एका कापड दुकानात हिशेब लिहिते. ग्राहकाचा हक्क म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मिक्सर, मोबाइल, फार तर विम्याची पॉलिसी यायची. बियाणं घेणारा शेतकरी हाही ग्राहकच, हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

भाऊ आधी दुकानदाराकडे गेला. दुकानदार म्हणाला, "बंद पिशवी आली, बंद पिशवी विकली. आतलं मला काय ठावं? पुढच्या साली तीन पिशव्या बदलून देतो, तक्रारीच्या नादी लागू नका." अण्णांना ते पटलं होतं. त्याच दुकानातून आमचं खत-औषध उधारीवर येतं, पैसे माल विकल्यावर द्यायचे. "कशाला वाकडं घ्यायचं माय त्याच्याशी?" ते मला म्हणाले. "उद्या खताला कुठं जायाचं?" मला उत्तर देता आलं नाही. गावात बियाण्याच्या तक्रारी एवढ्या कमी का होतात, याचं एक कारण तिथे समजलं. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, पुढच्या हंगामाची उधारी त्याच्याच वहीत असते.

त्या रात्री मी मला येतं तेवढं काम केलं, हिशेब मांडला. तीन पिशव्यांचे १०,२०० रुपये. आणि पीक आलं असतं तर? आमच्याकडे बऱ्या वर्षी एकरी आठ क्विंटल होतं. त्या हंगामाचा हमीभाव ४,६०० रुपये. तीन एकरांचे १,१०,४०० रुपये. दुकानदार बदलून द्यायला निघाला होता त्या तीन पिशव्या या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही नव्हत्या. शेतकऱ्याने पिशवी विकत घेतलेली नसते, त्याने त्या पिशवीच्या भरवशावर जमीन, पाऊस आणि वर्षाचे चार महिने लावलेले असतात. भरपाई मागायची तर ती कशाची मागायची, हे माझ्यापुरतं त्या रात्री ठरलं. ती कशी मागायची, हे मात्र काहीच माहीत नव्हतं.

तालुका कृषी कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, हे गावच्या कृषी सहायकाने सांगितलं. अर्जासोबत त्यांनी पक्की पावती, पिशवी, टॅग आणि उरलेलं बियाणं मागितलं. आमच्याकडे होती ती साध्या कागदावरची चिठ्ठी: तीन पिशव्या, रक्कम, बाकी काही नाही. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ मध्येच आला, त्यानुसार विक्रेत्याला बियाण्याची रीतसर पावती द्यावीच लागते, आणि तिच्यावर लॉट नंबर असला तरच ती पुढे कामाला येते. भाऊ कृषी सहायकांना घेऊन दुकानात गेला तेव्हा पावती मिळाली. पिशव्या गोठ्यात होत्या, एकीत भुसा भरलेला. दोन पिशव्यांचे टॅग शिवणीसोबत फाटून गेले होते. तिसरी तेवढी अण्णांनी खालून फोडली होती, तिच्या तोंडाला हिरवा टॅग शाबूत होता आणि तळाला ओंजळभर दाणे. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग लागतो, हिरवा म्हणजे सत्यतादर्शक बियाणं, त्याच्या गुणवत्तेची हमी उत्पादक स्वतः देतो. टॅगवर लॉट नंबर होता, तपासणीची तारीख होती आणि उगवणक्षमता किमान ७० टक्के असं छापलेलं होतं. पिशवी खालून फोडावी, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपावं, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. मी ते कधी ऐकलंच नव्हतं. आमची सगळी तक्रार त्या एका हिरव्या चिठ्ठीवर उभी राहणार होती.

मग पाहणी समिती आली. ती येईपर्यंत जुलैचा मध्य उलटला होता, आणि हे मला आजही खुपतं, कारण सोयाबीनची पेरणी त्यानंतर करू नये असं कृषी विद्यापीठच सांगतं. वाट पाहिली नसती तर दुबार पेरणी झाली असती, पण मग पाहणीसाठी रानात काही उरलं नसतं. पुरावा ठेवायचा की पेरायचं, असा प्रश्न शेतकऱ्यापुढे येतो. अण्णांनी पुरावा ठेवला. त्यांनी माझ्या शब्दावर तसं केलं, आणि माझ्या शब्दामागे तेव्हा ठोस असं काहीच नव्हतं.

समितीत उपविभागीय कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी, पंचायत समितीचे कृषी अधिकारी आणि विद्यापीठाचे एक शास्त्रज्ञ होते. कंपनीचा प्रतिनिधीही होता. त्याला बघून भाऊ चिडला, म्हणाला याला कशाला बोलावलं. मलाही तसंच वाटलं. तालुका कृषी अधिकाऱ्यांनी शांतपणे समजावलं की कंपनीला नोटीस न देता केलेला पंचनामा पुढे वादात पडतो, आमच्या पाठीमागे केला असं कंपनी म्हणते. तो माणूस तिथे उभा असण्यात आमचाच फायदा होता.

शास्त्रज्ञांनी रानात वेगवेगळ्या ठिकाणी एकेक मीटर तास मोजलं. शिफारशीप्रमाणे पेरलं तर मीटरभर तासात वीसेक रोपं यायला हवीत. कुठे चार होती, कुठे पाच, एका ठिकाणी एकही नाही. प्रतिनिधी म्हणाला, पेरणी खोल झाली असेल. शास्त्रज्ञांनी माती बाजूला सारून पट्टी लावली, दाणा चार सेंटिमीटरवर होता. म्हणजे बरोबर. प्रतिनिधी म्हणाला, ओल नसेल. तेव्हा भावाने बांधापलीकडचं रान दाखवलं. एकच दिवस, एकच यंत्र, एकच माती, वाण वेगळा. शास्त्रज्ञांनी तिथेही मोजणी केली आणि ती पंचनाम्यात घेतली. या एका ओळीचं मोल मला पुढे वर्षभराने कळलं. अहवालात नुसतं 'उगवण कमी' असं आलं तर कंपनी पावसावर बोट ठेवते. कारण लिहून यावं लागतं. आमच्या अहवालात सरासरी उगवण २२ टक्के आणि कारण 'सदोष बियाणे' असं आलं. प्रतिनिधीने सही करायला नकार दिला. सगळं फुकट गेलं असं वाटून माझा जीव खाली-वर झाला. अधिकाऱ्यांनी सहीच्या जागी 'हजर, सही करण्यास नकार' असं लिहिलं आणि पुढचे कागद भरायला घेतले. नकारही कागदावर आला की पुरावा होतो.

एक गोष्ट मात्र राहून गेली. बियाणे निरीक्षक नमुना घ्यायला दुकानात गेले तेव्हा त्या लॉटची एकही पिशवी शिल्लक नव्हती. आमची ओंजळ उघड्या पिशवीतली, रीतसर नमुन्याला अपुरी. म्हणजे परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल आमच्याकडे कधीच येणार नव्हता.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मी दुकानातल्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. तक्रार नोंदली गेली, ती कंपनीकडे गेली, कंपनीचं उत्तर आलं: उगवण ही हवामान आणि मशागतीवर अवलंबून असते, तरी सदिच्छा म्हणून पिशव्यांची किंमत परत करू. तक्रार बंद. हेल्पलाइनचं काम मध्यस्थीचं, हुकूम देण्याचा अधिकार तिला नाही, हे तेव्हा लक्षात आलं. पण कंपनीचा नकार लेखी मिळाला होता, तो मी छापून ठेवला.

पुढचा रस्ता ग्राहक पंचायतीच्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी दाखवला. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ही चळवळ उभी केली, त्या काळातल्या आठवणी ते सांगत. देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाच नव्हता तेव्हा. तो २४ डिसेंबर १९८६ ला आला, म्हणून ती तारीख राष्ट्रीय ग्राहक दिन. आता २०१९ चा नवा कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झालेला, आणि ज्याला आपण 'ग्राहक मंच' म्हणत होतो त्याचं नाव 'जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग' झालं आहे. मी त्यांना घाबरत घाबरत विचारलं, सोयाबीन तर आम्ही विकायला पेरतो, मग आम्ही ग्राहक कसे? व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, एवढं मी वाचलं होतं. त्यांनी मला २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बियाणे निगमाविरुद्ध जिंकलेला. स्वतःच्या उपजीविकेसाठी राबणारा शेतकरी हा ग्राहकच, असं त्यात स्पष्ट आहे. आणि त्यात माझ्या दुसऱ्या भीतीचंही उत्तर होतं. न्यायालयाने म्हटलं होतं की शेतकरी घेतलेलं सगळं बियाणं पेरतो, तपासणीसाठी बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, अशा वेळी कृषी अधिकाऱ्यांच्या पाहणीवर विसंबून निर्णय देता येतो. इंग्रजी निकाल मी शब्दकोश घेऊन वाचत होते. त्या परिच्छेदाशी आले तेव्हा अण्णांना हाक मारून, मोडक्यातोडक्या मराठीत का होईना, तो पुन्हा वाचून दाखवला. "आपल्यासारख्याचंच हाय की हे," अण्णा म्हणाले. त्यानंतर त्यांनी दुकानदाराच्या उधारीचं नाव काढलं नाही.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली होती. मी ते तेव्हा वर्तमानपत्रात वाचून पान उलटलं होतं. दर वर्षी पेरणीनंतर बातम्या येतात, कारवाईच्या घोषणा येतात. पण परवाना निलंबित झाला तरी शेतकऱ्याच्या हातात त्यातून पैसा येत नाही, त्यासाठी त्याला स्वतःच आयोगापुढे जावं लागतं. ही दोन कामं वेगळी आहेत, हे गावात कुणालाच नीट सांगितलेलं नसतं.

तक्रार मी मराठीत लिहिली, तशी मुभा आहे. वकील सक्तीचा नाही. अण्णांनी मला अधिकारपत्र दिलं म्हणजे त्यांच्या वतीने मी उभी राहू शकत होते. कंपनीचं मुख्य कार्यालय परराज्यात असलं तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, ही २०१९ च्या कायद्याने दिलेली सोय. ती नसती तर आम्ही तिथेच थांबलो असतो. दोन वर्षांच्या आत तक्रार आली पाहिजे, तो वेळ आमच्याकडे होता. फीबद्दल मी धास्तावले होते, पण वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि हा आकडा मोजलेल्या किमतीवरून धरतात, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. पन्नास लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात. आमचे तर १०,२०० रुपये.

डिसेंबरमध्ये गठ्ठा घेऊन गेले तर कारकुनांनी तो परत दिला. अनुक्रमणिका हवी, प्रत्येक पानाला क्रमांक हवा, तक्रारीला शपथपत्र हवं, विरुद्ध पक्ष जितके तितक्या प्रती हव्यात. 'विरुद्ध पक्ष' म्हणजे ज्यांच्यावर तक्रार ते, आमच्याकडे कंपनी आणि दुकानदार. मी जिन्याखालच्या बाकावर बसून पानांवर आकडे घातले. शेजारी एक बाई बसल्या होत्या, नवऱ्याच्या विम्याच्या दाव्यासाठी येणाऱ्या. त्यांनी माझी पानं एकदा चाळून सांगितलं, झेरॉक्सवर 'खरी प्रत' लिहून सही कर, नाहीतर परत पाठवतील. त्या इमारतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अशा माणसांनी.

पुढच्या तारखेला 'दाखल युक्तिवाद' पुकारला गेला. मला वाटलं आजच निकाल. तो प्रकार असा की तक्रार चालवण्याजोगी आहे का, एवढंच आधी पाहतात. अध्यक्षांनी विचारलं, "बियाणं पावतीवर घेतलंय? लॉट नंबर पावतीवर आणि टॅगवर एकच आहे?" मी टॅग पुढे केला. त्यांनी तो पावतीशी जुळवून पाहिला, शेजारच्या सदस्यांकडे दिला, आणि नोटीस काढा म्हणाले. सगळं मिळून चहा प्यायला लागतो तेवढा वेळ.

कंपनीला लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस असतात, आयोगाने वाढवून दिले तर आणखी पंधरा, त्यापुढे नाही. शेवटच्या दिवसांत ते आलं, जाडजूड. शेतकरी ग्राहक नाही आणि प्रयोगशाळेचा अहवाल नाही, या दोन्हींची तयारी होती. तिसरा मुद्दा वाचून मात्र मी हबकले: सातबाऱ्यावर सोयाबीनची नोंदच नाही, मग पेरलं कशावरून? ते खरं होतं. ई-पीक पाहणीची नोंद करायची तेव्हा रानात सोयाबीन नव्हतंच. न उगवलेल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर कशी येणार? उत्तर पंचनाम्यात होतं, जुलैच्या तारखेचा, सरकारी सह्यांचा. कंपनीने आणखी म्हटलं की शेतकऱ्याने रब्बीत हरभरा घेतला, म्हणजे नुकसान भरून निघालं. यावर मी प्रत्युत्तराच्या शपथपत्रात लिहिलं की आमच्याकडे सोयाबीन निघाल्यावर त्याच रानात हरभरा होतोच, तो सोयाबीनच्या बदल्यात आलेला नाही.

पण एका मुद्द्यापुढे मी गप्प झाले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, हवामान खात्याची नोंद त्यांनी जोडली होती. पीक उगवलं असतं तरी त्या उघडिपीत ते आठ क्विंटल आलं नसतं, असा युक्तिवाद. मी घरी येऊन चुलत्यांना विचारलं. त्यांना एकरी साडेचार क्विंटल झालं होतं. अण्णा म्हणाले, "मग तेवढंच लिही. आपल्याला झालं नसतं ते कशाला मागायचं?" चुलत्यांनी त्यांच्या उत्पन्नाचं शपथपत्र दिलं. माझा मूळ आकडा त्याने जवळपास निम्म्यावर आला, आणि तरीही तेच शपथपत्र आमच्या सगळ्या कागदांत वजनदार ठरलं.

कायदा म्हणतो, तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल व्हावा. आमचं प्रकरण वर्षाच्या पुढे गेलं. कधी सदस्य रजेवर, कधी कंपनीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज, कधी यादी इतकी लांब की आमच्या क्रमांकापर्यंत संध्याकाळ. प्रत्येक तारखेला अण्णांचा एक दिवस आणि एसटीचं भाडं जात होतं. हे लिहिताना मला राग येतो. पाच-पन्नास हजारांसाठी माणूस इतका काळ टिकत नाही याचा अंदाज समोरच्याला असतो, आणि म्हणून मुदत मागितली की ती नुसती वेळ नसते. एकदा मी धीर करून उभी राहिले आणि म्हणाले, कायद्यात मुदतवाढ सहसा देऊ नये आणि दिली तर कारण नोंदवून, खर्चासह द्यावी असं आहे. अध्यक्षांनी पाचशे रुपये खर्च लावला. त्यानंतर मुदतीचा अर्ज आला नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये अंतिम आदेश झाला. एकरी चार क्विंटल धरून बारा क्विंटलचे ५५,२०० रुपये, त्यातून काढणी-मळणीचा न झालेला खर्च ९,००० वजा, उरले ४६,२००. पिशव्यांची किंमत वेगळी दिली नाही, कारण पिकाचं मोल दिलं की बियाण्याचा खर्च त्यात आलाच, असं आदेशात लिहिलं होतं. मला आधी ते अन्यायाचं वाटलं, मग हिशेब लिहिणारीला ते पटलं. मानसिक त्रासाचे १०,०००, तक्रारीच्या खर्चाचे ५,०००. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'जबाबदारी बियाण्याच्या किमतीपुरती मर्यादित' असं छापलं होतं. आयोगाने म्हटलं, ग्राहकाशी न ठरवलेली, त्याला न समजावलेली अशी छापील अट त्याच्यावर बंधनकारक नाही. हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलं आहे. पिशवी आणि हंगाम यांतला जो फरक मला पहिल्या रात्री दिसला होता, तो त्यांनी कायद्याच्या भाषेत मान्य केला होता. ४६,२०० वर तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपासून रक्कम प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत नऊ टक्के व्याज. दुकानदाराला वगळलं, त्याबद्दल अण्णांना उघड आनंद झाला. गावात पेढे वाटायचं ठरत होतं, तेवढ्यात कार्यकर्त्यांनी विचारलं, पैसे जमा झाले का?

झाले नव्हते. आदेशात पंचेचाळीस दिवस दिले होते. राज्य आयोगाकडे अपील करायची मुदतही तेवढीच, आणि अपील करणाऱ्याला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. कंपनीने अपील केलं नाही, पैसेही भरले नाहीत. आदेश आपोआप चालत नाही, त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज द्यावा लागतो, त्याला आमच्याकडे दरखास्त म्हणतात. नव्या कायद्याचं कलम ७१ म्हणतं की हा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो, जप्तीसकट. कलम ७२ आणखी कडक: आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यातली वसुलीची वाट तर कित्येक वर्षं अडखळत होती. २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत शब्द असे पडले की अंतरिम आदेश वसूल करता येईल, अंतिमाचं काय ते स्पष्ट नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती जागा 'कोणताही आदेश' अशी वाचायला सांगितली. ते वाचून मला २००३ ते २०२० या सतरा वर्षांतल्या माणसांची आठवण होत राहिली, ज्यांच्या हातात नुसताच निकाल होता.

दरखास्त दाखल झाली, कंपनीला नोटीस गेली, उत्तर नाही. मग जामीनपात्र वॉरंट निघालं. पुढच्या तारखेला कंपनीचे वकील वेळेआधी हजर होते, हातात डिमांड ड्राफ्ट. अण्णा सही करायला पेन शोधू लागले. मी ड्राफ्टवरचा आकडा पाहिला आणि थांबा म्हणाले. व्याज एप्रिलपर्यंतचंच धरलेलं होतं, आदेशाच्या तारखेपर्यंतचं. ४६,२०० वर नऊ टक्क्यांनी वर्षाचे ४,१५८ होतात, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, आणि एप्रिलनंतरचे महिने त्यात नव्हतेच. वकील म्हणाले, "ताई, एवढ्याशा रकमेसाठी कशाला पुढची तारीख?" मी अध्यक्षांपुढे आदेशाची शेवटची ओळ वाचून दाखवली. सदस्यांनी कागदावर गुणाकार केला आणि ड्राफ्ट स्वीकारून पुरशिस द्या म्हणाले. पुरशिस म्हणजे आपण आयोगाला लेखी कळवतो ती चिठ्ठी. मी तिथेच उभ्याने लिहिली: 'तक्रारदारास रक्कम अंशतः मिळाली आहे. आदेशाच्या तारखेपासून आजपर्यंतचे व्याज मिळणे बाकी असून त्यासाठी दरखास्त चालू ठेवावी.' खाली अण्णांनी सही केली, आणि फरकाच्या रकमेसाठी कंपनीला पुढची तारीख लागली.